नमुना सत्तेचाळीस

कुठे खरवडायचं ते आधी ठरवावं लागतं.
खपलीच्या मधोमध नाही,
तिथून ते केव्हाच पुढे सरकलेले असतात.
कडेला.
जिथे आजार संपतो आणि म्हैस सुरू होते
त्या रेघेवर बोथट पातं टेकवायचं,
पॅराफिनचा थेंब सोडायचा
आणि रक्त नुसतं डोकावेल, वाहणार नाही,
इतपतच ओढायचं.
परळच्या प्रयोगशाळेत तिरोडकर मॅडमनी हे शिकवलं,
स्वतःच्या मनगटावर पातं धरून.

आरेतला हा तबेला वलीभाईंचा. एकशे दहा जनावरं.
सत्तेचाळीस नंबरनं मान घासून घासून
लोखंडी खांबाचा रंग उडवलाय,
तेवढाच पट्टा आरशासारखा.
मुसाफिर म्हणाला, ही झोपत नाही दीदी,
रात्रभर खांब हलतो.
त्याला कळतं, कारण तो माळ्यावर झोपतो,
बरोबर तिच्या वर.

चिमूटभर खपल्या परीक्षानळीत,
वर पोटॅशचं दहा टक्के पाणी, खाली स्पिरिटचा दिवा.
केस विरतात. कातडी विरते.
ओल्या शिंगासारखा वास खोलीभर होतो.
किडा विरत नाही.
मग यंत्रात फिरवून तळाचा गाळ काचेवर घ्यायचा
आणि श्वास धरून बघत बसायचं.

पाय लांब, अंगाबाहेर आलेले, देठाला तीन सांधे,
तर सोरोप्टिस. हा वरवर राहणारा, भाडेकरूसारखा.
देठ आखूड, टोकाला घंटी असेल तर कोरिऑप्टिस,
तो खुराशी बघ, शेपटीच्या मुळाशी बघ.
विडीसारखा लांबोडका सापडला तर डेमोडेक्स,
पण त्याच्यासाठी गाठ पिळावी लागते.
आणि गोल, कासवासारखा,
मागचे पाय पोटाखालीच राहून गेलेले,
पाठीवर बारीक त्रिकोणी खवले:
सार्कोप्टिस. हा खणतो.
मादी पुढे खणत जाते
आणि मागे अंडी ठेवत जाते.

तीन काचा रिकाम्या गेल्या.
रिकामी काच म्हणजे किडा नाही असं नसतं,
हेही मॅडमचंच.
चौथीत दिसला. गोल.

फोनवर वलीभाईंनी एकच विचारलं,
सुई मारली तर दूध किती दिवस फेकायचं?
दुभतीला ती सुई नकोच, म्हटलं, धुवायचं औषध देते.
ते बराच वेळ गप्प होते.
लिटरचे रुपये करत असावेत.

औषध घेऊन गेले तेव्हा दोर मुसाफिरच्या हातात होता.
बोटांच्या बेचक्यांत लाल ठिपके, मनगटाशी ओरखडे.
दूध काढताना जास्त खाजतं, म्हणाला, लाजून.
मी पाठ केलेलं सांगितलं:
म्हशीचा किडा माणसात घर करत नाही,
चावतो आणि मरतो, पंधरा दिवसांत आपोआप.
तो म्हणाला, आठ महिने झाले, दीदी.

मला परवानगी नव्हती.
पातं नवं घेतलं, थेंब ताजा,
त्याच्या बेचक्याच्या कडेला टेकवलं.
त्याने हात मागे घेतला नाही.
जनावर जसं उभं राहतं ना, सवयीचं, तसा तो उभा.

संध्याकाळी प्रयोगशाळेत मी आणि मॅडम.
गोल. मागचे पाय पोटाखाली.
म्हशीचा की माणसाचा? मी विचारलं.
मॅडमनी डोळा भिंगावरून उचललाच नाही.
भिंगातून तेवढं नाही गं कळत.

अर्जावर नमुना क्रमांक लिहिला, ४७-ब.
जात, वेत किती, दूध किती, हे रकाने सोडले.
मालकाचं नाव म्हणून सवयीने वलीभाई लिहून गेले,
मग खोडलं, जोरात, कागद फाटेपर्यंत.

त्वचारोगाच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, गुरुवारची, सकाळी नऊची.
नऊला कसं येणार, म्हणाला, दुसरी धार असते.
चिठ्ठी मात्र घडी करून बनियनच्या आत ठेवली.
मग बादलीकडे बघत म्हणाला,
खांबपण धुवायचा का?
हो, म्हटलं.
खांब आधी.
आणि तुझी वाकळ.